नाशिकला आलेला पाहुणा समाधानाने परततो तो कशामुळे?

नाशिकला माणसं कशासाठी येतात हे कुणालाही सांगता येईल. रामकुंडावरचं स्नान, काळारामाचं दर्शन, त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी, शनिवार-रविवारी गंगापूर रोडच्या पलीकडच्या वायनरी, पांडवलेणी, आणि या सगळ्यांच्या अधेमध्ये मिसळ. पण हीच माणसं परत जाताना समाधानी का असतात, किंवा का नसतात, हे या यादीवरून कळत नाही. पाहुण्याला शहराकडे ओढून आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि त्याला इथे बरं वाटायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पर्यटनाचा विचार करताना आपलं जवळजवळ सगळं लक्ष पहिल्या प्रकारावर जातं. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. त्यात झाडं आणि नदीकाठ यांना मी सर्वांत वर का ठेवतो, तेही सांगायचं आहे.

आधी समाधान म्हणजे नेमकं काय, ते पाहू. ग्राहकाच्या समाधानाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली एक मांडणी केली. पुढे पर्यटनाच्या अभ्यासातही ती सर्रास वापरली गेली. तिचं सार असं: माणूस मनात काहीतरी धरून येतो, प्रत्यक्षात त्याला काहीतरी मिळतं, आणि समाधान या दोहोंमधल्या अंतरावर ठरतं. धरलं त्यापेक्षा जास्त मिळालं तर तो खूश, कमी मिळालं तर नाराज. म्हणजे जागा तीच, दिवस तोच, तरी दोन माणसांचं समाधान अगदी वेगळं असू शकतं.

रामकुंडावर सकाळी उभं राहिलं की हे समोरच दिसतं. जळगावकडून एक कुटुंब आजोबांच्या अस्थी घेऊन आलेलं असतं. त्यांची अपेक्षा एवढीच की गुरुजी ठरल्या वेळी भेटावेत, विधी नीट व्हावा, दक्षिणेवरून घासाघीस होऊ नये. तेवढं झालं की घाटावरचा कचरा त्यांच्या डोळ्यांना दिसला तरी मनाला लागत नाही. त्याच पायऱ्यांवर पुण्याहून आलेले चार मित्र उभे असतात. त्यांनी ड्रोनने काढलेला गोदाघाटाचा संध्याकाळचा व्हिडिओ पाहिलेला असतो, दिवे आणि सोनेरी पाणी. त्यांना दिसतात पाण्यात तरंगणाऱ्या पिशव्या आणि पुलाखाली लावलेल्या गाड्या. नदी एकच, पण एक गट भरून पावतो आणि दुसरा तासाभरात मिसळ शोधायला निघतो.

यातून एक अगदी व्यवहारातली गोष्ट निघते. अपेक्षा फुगवणारी जाहिरात गर्दी आणते आणि समाधान खाते. सोमेश्वरचा धबधबा घ्या. त्याचे फोटो पावसाळ्यातले, पाणी दुथडी भरून कोसळतानाचे. एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला तिथे बरेचसे कोरडे खडक दिसतात आणि तो नाशिकला नावं ठेवतो. ‘धबधबा पाहायचा तर जुलै ते सप्टेंबरमध्ये या’ एवढी एक ओळ माहितीत घातली, तर रुपयाही न खर्चता ही नाराजी टळेल. उन्हाळ्यात तिथे काय आहे, तर मंदिर आणि नदीकाठ. तेही सांगावं, म्हणजे येणारा त्याच तयारीने येईल.

जे नसलं की बोचतं

समाधान घडवणाऱ्या सगळ्या गोष्टींचा स्वभाव सारखा नसतो. जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ साली त्यांचे प्रकार पाडले. मला हा विचार शहराच्या पर्यटनाला फार चपखल वाटतो.

पहिला प्रकार मूलभूत गोष्टींचा. त्या असल्या तर कुणी कौतुक करत नाही, नसल्या तर सगळा दिवस बिघडतो. स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी, बाईमाणसाला कपडे बदलायला आडोसा. रामकुंडासारख्या ठिकाणचं वस्त्रांतरगृह घ्या. ते स्वच्छ आणि उघडं असेल तर कुणीही घरी जाऊन ‘काय छान वस्त्रांतरगृह होतं’ असं सांगणार नाही. पण ओल्या अंगाने उभ्या मुलीला चादरीच्या आडोशाने कपडे बदलावे लागले, तर तिची आई ते दहा वर्षं विसरणार नाही. दुसरा प्रकार जितकं जास्त तितकं बरं असा: बस किती मिनिटांनी येते, रांग किती सरकते, घाट किती स्वच्छ आहे. तिसरा प्रकार अनपेक्षित आनंदाचा. रिक्षावाल्या काकांनी जाता जाता दुतोंड्या मारुती दाखवावा आणि सांगावं, की गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की अख्खं नाशिक याच्याकडे बघतं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कंबरेला, छातीला की गळ्याला, यावरून पूर किती मोठा ते ठरतं. हे कुठल्याही पॅकेजमध्ये नसतं. ते मिळालं नसतं तर कुणी तक्रारही केली नसती. पण पाहुणा घरी जाऊन पहिल्यांदा हेच सांगतो.

कानोंच्या मांडणीतला पुढचा भागही महत्त्वाचा आहे. आजचा सुखद धक्का उद्या मूलभूत गरज बनतो. चहाच्या टपरीवर मोबाइलने पैसे देता आले याचं काही वर्षांपूर्वी अप्रूप होतं. आज ती सोय नसेल तर कपाळाला आठ्या पडतात. म्हणून एकदा सुशोभीकरण करून मोकळं होता येत नाही.

रोषणाई, भव्य कमानी, सेल्फी पॉइंट ही सगळी तिसऱ्या प्रकारात शिरू पाहणारी कामं आहेत. पहिला प्रकार अपुरा असताना तिसऱ्यावर केलेला खर्च समाधानात फारशी भर घालत नाही, कारण अंग अवघडलेला माणूस रोषणाई बघत नाही. हे माझं ठाम मत आहे.

रांग आणि शेवटचा तास

तीर्थक्षेत्राच्या शहरात समाधानाचा मोठा हिस्सा रांगेत ठरतो. रांगेच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलेले काही साधे नियम आजही लागू पडतात. रिकामं थांबणं काहीतरी करत थांबण्यापेक्षा लांब वाटतं. किती वेळ लागेल हे माहीत नसलेलं थांबणं, माहीत असलेल्यापेक्षा लांब वाटतं. कारण न सांगता थांबवलेलं, सांगून थांबवलेल्यापेक्षा लांब. आणि अन्याय होतोय असं वाटलं, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत दुसरा कुणी बाजूच्या दाराने आत गेला, तर तेही लांब. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या दर्शनबारीत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. ‘इथून दर्शनाला अंदाजे दोन तास’ अशी पाटी प्रतीक्षा एका मिनिटानेही कमी करत नाही, तरी तिने त्रास खरोखर कमी होतो. माणूस त्या हिशोबाने मुलाला खायला घालतो, आजीला बसवतो.

दुसरी गोष्ट आठवणीची. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद चांगल्याच थंड पाण्यात हात बुडवायला सांगितला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी किंचित कमी थंड केलं होतं. यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर आठवण ठरते, एकूण किती वेळ गेला यावर फारशी नाही.

आता नाशिकच्या पाहुण्याचा शेवट आठवा. नाशिकरोड स्टेशन पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर दूर. मधे द्वारका चौक. गाडी सुटेल की काय या धास्तीने घड्याळाकडे बघत, वाहतुकीत अडकून काढलेला तो तास हा बऱ्याच जणांच्या नाशिकच्या आठवणीचा शेवटचा भाग असतो. सकाळचं दर्शन कितीही सुंदर झालेलं असो. म्हणून स्टेशनपर्यंतची भरवशाची बस आणि तिथली सोय हे पर्यटनाचं काम आहे, फक्त वाहतुकीचं नाही.

झाड एकाच वेळी काय काय करतं

आता मला जे मुख्य सांगायचंय त्याकडे येतो. शहरात फिरणं हे डोक्याला थकवणारं काम आहे. संग्रहालयात फिरताना येणाऱ्या थकव्याबद्दल बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच लिहिलं होतं. शहराचा थकवा त्याहून मोठा. नवखा माणूस पंचवटीत उतरला की एकाच वेळी रस्ता शोधत असतो, रिक्षाचं भाडं ठरवत असतो, चपला कुठे ठेवल्या ते लक्षात ठेवत असतो, पाकीट चाचपत असतो, एका हाताने मूल धरत असतो आणि दुसऱ्या हाताने ‘पूजा करायची का, कालसर्प आहे का’ विचारणाऱ्यांना नको म्हणत असतो. यासाठी लागणारं लक्ष आपल्याला ओढून-ताणून द्यावं लागतं, आणि ते संपतं. ते संपलं की माणूस चिडचिडा होतो. मग पुढची जागा कितीही सुंदर असली तरी तिचं त्याला काही वाटत नाही.

रेचल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने १९८० च्या दशकात यावरच सिद्धान्त मांडला. पानांची सळसळ, वाहतं पाणी, फांदीवरची खार या गोष्टींकडे आपलं लक्ष आपोआप, कष्ट न होता जातं. त्या वेळात ते ओढून-ताणून दिलेलं लक्ष विश्रांती घेतं आणि पुन्हा भरून येतं. त्यासाठी चार गोष्टी लागतात, असं ते म्हणतात: रोजच्या धबडग्यापासून थोडं तुटल्याची भावना, मन रमेल इतका पसारा, सहज लक्ष वेधणारं काहीतरी, आणि आपल्याला जे करायचंय ते तिथे करता येणं. शेवटची अट महत्त्वाची. बसायला जागाच नसेल तर झाड नुसतं बघून थकवा जात नाही.

रॉजर उलरिक यांचा १९८४ सालचा अभ्यास याच धाग्यातला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण आणि पर्यटक यांची तुलना ताणू नये, पण माणसाचं शरीर हिरवाईला कसा प्रतिसाद देतं याची कल्पना येते.

आणि मग ऊन. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. शाळांना सुट्ट्या असल्यामुळे बाहेरगावची कुटुंबं नेमकी तेव्हाच येतात. दुपारी काळारामाच्या आवारात अनवाणी चालून बघा. काळ्या दगडाची फरशी सकाळपासून तापलेली असते. लोक चवड्यांवर, अक्षरशः उड्या मारत सभामंडपाच्या सावलीकडे पळतात. म्हातारी माणसं पळू शकत नाहीत. ती सुनेचा दंड धरून, ओठ आवळून, एकेक पाऊल टाकत येतात.

थोड्याच अंतरावर सीतागुंफेपाशी मोठे वड आहेत. या वडांमुळेच हा भाग पंचवटी झाला असं मानतात. त्यांच्या खाली रांग असली तरी माणसं बसकण मारतात, पोरं पारंब्यांकडे बघत राहतात, कुणीतरी डबा उघडतं. चेहऱ्यावरचा ताण गेलेला दिसतो. दोन्ही ठिकाणी हवेचं तापमान जवळपास तेच असतं. मग फरक कशाचा? आपल्याला जे गरम वाटतं ते फक्त हवेमुळे वाटत नाही. सूर्याची किरणं थेट अंगावर पडतात, आणि तापलेली फरशी, भिंती, गाड्या हेही आपल्या अंगावर उष्णता फेकत असतात. वड पहिली गोष्ट अडवतो आणि खालची जमीन तापू न दिल्यामुळे दुसरीही कमी करतो. पत्र्याचं छप्पर सावली देतं, पण ते स्वतः तापतं आणि खाली उष्णता सोडतं. पान तसं तापत नाही, कारण त्यातून सतत पाण्याची वाफ बाहेर पडत असते. पत्र्याच्या मांडवाखाली जीव घाबरतो आणि वडाखाली निवतो, तो यामुळे.

म्हणजे बघा, एक मोठं झाड मूलभूत सोयही आहे, रांगेतला वेळ सुसह्यही करतं आणि थकलेलं लक्ष भरूनही काढतं. पर्यटनाच्या आराखड्यातली दुसरी कुठलीही एक वस्तू इतकी कामं एकदम करत नाही. तरी आराखड्यात झाडं येतात ती बहुधा ‘सुशोभीकरण’ या सदराखाली, दुभाजकावरच्या कुंड्या म्हणून.

हिरवाई आहे, पण वाटेवर आहे का?

नाशिकमध्ये बागा कमी नाहीत. गंगापूर रोडचं प्रमोद महाजन उद्यान, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आणि नेहरू वनोद्यान. सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेने २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी केली आहे, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. पण ही बहुतेक ठिकाणं राहणाऱ्यांच्या सोयीने वसलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. राहणारा सकाळी सहाला फिरायला येतो. पाहुण्याला हिरवाई लागते दुपारी एकला, दर्शन झाल्यावर आणि गाडीची वेळ होण्याआधी. त्याला बागेत जायचंही नसतं. त्याला हवी असते दोन देवळांच्या मधे, चालण्याच्या वाटेवर, पाठ टेकायला एक पार असलेली सावली. आठ किलोमीटरवरचं सुंदर उद्यान त्याच्या उपयोगाचं नाही. देवळाच्या कोपऱ्यावरचं एक पिंपळाचं झाड मात्र उपयोगाचं आहे.

म्हणून शहरातली हिरवाई नुसती चौरस मीटरमध्ये मोजणं अपुरं आहे. ती वाटेवर आहे का, भर दुपारी उघडी असते का, तिथे बसता येतं का, जवळ पाणी आणि शौचालय आहे का, संध्याकाळी एकटी बाई तिथे निर्धास्त बसू शकते का, हे प्रश्न जास्त कामाचे. नुसत्या हिरवळीला पाणी भरपूर लागतं आणि ती सावली देत नाही. त्यापेक्षा वड, पिंपळ, कडुनिंब, करंज यांची एक रांग बरी.

नाशिकला ही वाट निसर्गानेच आखून दिली आहे. रामकुंडापासून गोदावरीच्या काठाने खाली गेलं की दोन-तीन किलोमीटरवर तपोवन येतं, जिथे कपिला नदी गोदावरीला मिळते. हा सगळा काठ सलग सावलीचा आणि चालण्याजोगा असता, तर शहरातल्या दोन मोठ्या ठिकाणांमधलं अंतर हाच एक अनुभव झाला असता. आज बहुतेक पाहुणे हे अंतर रिक्षाने कापतात. काठाची हेळसांड दोन प्रकारे झाली: नदीत सांडपाणी येत राहिलं, आणि सिंहस्थाच्या कामांत पात्रात काँक्रीट ओतलं गेलं. ते काढून जुनी कुंडं मोकळी करावीत म्हणून नाशिककर कोर्टापर्यंत गेले. पाण्याला वास येत असेल तर काठावरच्या झाडांचा अर्धा गुण वाया जातो, कारण माणूस तिथे थांबतच नाही. नदी आणि झाडं ही एकच गोष्ट धरून काम झालं पाहिजे.

तपोवनाचा प्रश्नही याच नजरेतून बघावा असं मला वाटतं. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, उभारताना तिथली झाडं तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला तेव्हा नाशिककरांनी मोठा विरोध केला. त्यावर नेहमीचं उत्तर असतं, की तोडू त्यापेक्षा जास्त झाडं दुसरीकडे लावू. पाहुण्याच्या अंगाने हे उत्तर दोन ठिकाणी कमी पडतं. रोपाची चांगली सावली पडायला पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणजे पुढचा सिंहस्थही उलटून जाईल. आणि दुसरीकडे लावलेलं झाड तपोवनात उभ्या असलेल्या माणसाला सावली देत नाही. लाखो भाविक ज्या जागी चालून येणार, त्याच जागेची सावली आधी काढून घेणं हे यात्रेच्या सोयीच्याच विरुद्ध जातं.

इथे राहणाऱ्यांचाही विचार करावा लागतो, कारण पाहुण्याचं स्वागत शेवटी तेच करतात. जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ साली पर्यटनस्थळातल्या रहिवाशांच्या मनाचे चार टप्पे सांगितले: उत्साह, मग सवय, मग वैताग, मग उघड विरोध. पंचवटीतल्या गल्लीत स्वतःच्या दारासमोर परगावच्या गाड्या लागलेल्या बघणारा माणूस कोणत्या टप्प्यावर आहे हे त्यालाच विचारावं. सावलीचा नदीकाठ हा असा खर्च आहे ज्याचा उपभोग तोही रोज घेतो, म्हणून त्याला पाहुण्यांचा भार कमी वाटतो.

शेवटी मोजणीबद्दल, कारण चुकीचा प्रश्न विचारला की चुकीच्या जागी पैसा जातो. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ असं रामकुंडावर विचारलं तर बहुतेक भाविक हो म्हणतील. देवदर्शन झालेलं असतं, तीर्थाच्या ठिकाणी तक्रार करणं बरं दिसत नाही. आकडा छान येईल आणि वस्त्रांतरगृहाची कडी मात्र तुटलेलीच राहील. मार्टिला आणि जेम्स यांनी १९७७ साली सुचवलेली रीत यापेक्षा उपयोगी आहे: प्रत्येक गोष्टीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे, ती तुमच्यासाठी किती महत्त्वाची आणि इथे ती कशी मिळाली. महत्त्व जास्त आणि मिळालं कमी, अशा गोष्टींपासून काम सुरू करायचं. माझी त्यात एवढीच भर आहे, की हे घाटावर न विचारता नाशिकरोडच्या फलाटावर, गाडीची वाट बघणाऱ्यांना विचारावं. आणि सोबत दोन साधे प्रश्न जोडावेत: आज दुपारी तुम्ही कुठे बसलात, आणि तुमच्याबरोबरच्या वयस्कर माणसाला दिवसभरात कुठे त्रास झाला?